थंडरबोल्ट आणि यूएसबी४ : ४० गिगाबिटांतले आपल्या डिस्कच्या वाट्याला किती?

थंडरबोल्ट ३, थंडरबोल्ट ४ किंवा यूएसबी४ पोर्टला डॉक (एका पोर्टवर अनेक उपकरणे जोडू देणारा डबा) जोडून त्यामागे दोन मॉनिटर, एक वेगवान एसएसडी आणि इतर लहानसहान उपकरणे लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते की, खोक्यावर ‘४० गिगाबिट’ छापलेले असूनही डिस्क त्या वेगाच्या जवळपासही जात नाही. बहुतेक वेळा यात कोणतेही उपकरण बिघडलेले नसते. सेकंदाला ४० गिगाबिट हा आकडा संगणक आणि डॉक यांच्यामधल्या जोडणीचा असतो. त्या एकाच जोडणीतून डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरचे चित्र), पीसीआय एक्सप्रेस (वेगवान एसएसडीचा डेटा) आणि यूएसबी३ (साधी यूएसबी उपकरणे) असे तीन वेगवेगळे प्रवाह टनेलिंगने, म्हणजे एकाच वाटेत आपापले स्वरूप राखून, नेले जातात आणि प्रत्येकाला स्वतःची वेगळी मर्यादा असते. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा आणि जोडणी झाल्यावर तो मोजून पडताळावा.

आपला पोर्ट नेमका कोणता, हे आधी निश्चित करावे. २०१५ मध्ये आलेल्या थंडरबोल्ट ३ मध्ये जोडणी ४० गिगाबिटांची असली तरी त्या पिढीच्या कंट्रोलरमधून (पोर्ट चालवणाऱ्या चिपमधून) पीसीआय एक्सप्रेसचा डेटा २२ गिगाबिटांच्या पुढे जात नाही, म्हणजे सेकंदाला सुमारे २७५० मेगाबाइट. मॉनिटर काढून ठेवला तरी ही मर्यादा उठत नाही. उरलेले १८ गिगाबिट मॉनिटर नसताना डिस्कला मिळतात, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. २०२० च्या थंडरबोल्ट ४ ने संगणकावर पीसीआय एक्सप्रेससाठी ३२ गिगाबिटांची अट घातली, त्यामुळे तिथे डिस्कचा वेग सेकंदाला ३ हजार मेगाबाइटपर्यंत आणि चांगल्या एन्क्लोजरमध्ये (एसएसडी बसवण्याच्या बाह्य खोक्यात) त्याहून अधिक जातो. नुसते ‘यूएसबी४’ लिहिलेल्या पोर्टच्या बाबतीत मात्र तपशील वाचूनच खरेदी करावी, कारण त्या मानकात २० गिगाबिटांची जोडणीही चालते आणि पीसीआय एक्सप्रेसचे टनेलिंग मूळ मानकात ऐच्छिक आहे. साधे यूएसबी-सी डॉक तर टनेलिंग करतच नाहीत. त्यांत केबलच्या चारही लेन (वेगवान डेटाच्या वाटा) चित्राला दिल्या की डेटासाठी यूएसबी २ चे ४८० मेगाबिट तेवढे उरतात.

आता मुख्य हिशेब. टनेलिंगमध्ये पहिला हक्क चित्राचा असतो, कारण पडद्यावरचे चित्र थांबून चालत नाही. डिस्कचा डेटा क्षणभर थांबू शकतो, म्हणून पीसीआय एक्सप्रेसला उरलेली जागा मिळते. ४के, ६० हर्ट्झ आणि १० बिट रंग अशा एका मॉनिटरला सुमारे १५ ते १६ गिगाबिट लागतात. असे दोन मॉनिटर जोडले की ३० ते ३२ गिगाबिट तिथेच संपतात आणि डिस्कसाठी आठ-दहा गिगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक गिगाबाइट शिल्लक राहते. पण ही ओढाताण एकाच दिशेला होते, आणि नेमके हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जोडणीत जाण्याचे ४० आणि येण्याचे ४० गिगाबिट स्वतंत्र असतात. चित्र संगणकाकडून मॉनिटरकडे जाते, उलट दिशेने जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून मॉनिटरमुळे डिस्कवर लिहिण्याचा वेग घटतो, वाचण्याचा नाही. डिस्कवरच्या चित्रफिती वाचून संपादन करणाऱ्याला त्यामुळे फारसा फरक जाणवणार नाही. तोच माणूस तयार झालेली मोठी फाइल त्याच डिस्कवर उतरवू लागला की त्याला अडचण दिसेल.

मोजणीही याच आधाराने करावी. मॉनिटर जोडलेले असताना डिस्कचा वाचण्याचा आणि लिहिण्याचा वेग वेगवेगळा नोंदवावा, मग मॉनिटर डॉकवरून काढून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. लिहिण्याचा वेग वाढला आणि वाचण्याचा होता तसाच राहिला, तर कारण चित्राचा प्रवाह हेच आहे. दोन्ही वेग दोन्ही वेळा सारखेच कमी आले, तर केबल, एन्क्लोजर किंवा पोर्ट तपासावा. चाचणीची फाइल मोठी घ्यावी, कारण एसएसडीचा वेगवान कॅशे (तात्पुरत्या साठवणीची जागा) भरल्यावर लिहिण्याचा वेग आपोआप उतरतो आणि त्याचा दोष विनाकारण डॉकवर जातो.

जोडणी खरोखर किती वेगाने जुळली आहे, हे मॅकवर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधल्या थंडरबोल्टच्या नोंदीत आणि विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या यूएसबी विभागात पाहता येते. लिनक्सवर एलएसपीसीआय (lspci) या आज्ञेने तपासणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून असावी : टनेलमधल्या पीसीआय एक्सप्रेस पोर्टसमोर २.५ गिगाट्रान्सफर असा वेग दिसतो आणि तो पाहून पुष्कळजण घाबरतात. यूएसबी४ च्या मानकानुसार तो आकडा तसाच दाखवायचा असतो; प्रत्यक्ष वेगाशी त्याचा संबंध नाही. २० गिगाबिटांवर जुळलेली जोडणी दिसली तर आधी केबल बदलून पाहावी. थंडरबोल्ट ३ च्या काळातल्या, एक मीटर किंवा त्याहून लांब असलेल्या साध्या केबल अनेकदा २० गिगाबिटांच्याच असतात.

दुसरा मॉनिटर उजळतच नसेल, तर तो प्रश्न थोडा वेगळा आहे. अनेक संगणकांवर चित्रासाठी जागा राखताना प्रत्यक्ष लागणारे गिगाबिट मोजले जात नाहीत, मॉनिटरशी ठरलेला कमाल दर धरला जातो. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या दराने एका मॉनिटरसाठी जवळजवळ २६ गिगाबिट अडवले जातात, आणि असे दोन मॉनिटर ४० मध्ये बसत नाहीत. अशा वेळी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन डिस्प्लेपोर्ट १.२ निवडावे : राखीव जागा सुमारे १७ गिगाबिटांवर येते आणि ४के, ६० हर्ट्झ त्यात बसते. ॲपलच्या २०१९ च्या प्रो डिस्प्ले एक्सडीआरमध्ये हाच ताण दुसऱ्या रूपात दिसला. चित्र दाबून पाठवण्याची सोय नसलेल्या मॅकला तो जोडला की ६के चित्रच बहुतेक जागा घेते आणि मॉनिटरच्या मागचे पोर्ट यूएसबी २ च्या वेगावर येतात.

मांडणी करताना वेगवान एसएसडी शक्यतो डॉकमागे न लावता संगणकाच्या दुसऱ्या पोर्टला थेट लावावी. मात्र दोन्ही पोर्ट एकाच कंट्रोलरचे असतील, तर पीसीआय एक्सप्रेसची मर्यादा दोघांत विभागली जाते. थंडरबोल्ट ३ च्या लॅपटॉपमध्ये एकाच बाजूचे दोन पोर्ट पुष्कळदा असेच असतात, म्हणून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचा पोर्ट वापरून पाहावा. थंडरबोल्ट ४ डॉकवरचे सगळे साधे यूएसबी पोर्ट मिळून सहसा १० गिगाबिटांचा एकच टनेल वापरतात. तिथे दोन यूएसबी डिस्क एकदम चालवल्या तर दोघींना मिळून सेकंदाला एक गिगाबाइटच मिळते, आणि २० गिगाबिटांची म्हणून घेतलेली यूएसबी डिस्क तिथे १० वरच चालते.

जे आता थंडरबोल्ट ५ कडे वळत आहेत त्यांच्यासाठी मर्यादा वर सरकल्या आहेत : दोन्ही दिशांना ८० गिगाबिट आणि पीसीआय एक्सप्रेससाठी ६४. परंतु जड मॉनिटर जोडल्यावर ही जोडणी जाण्याच्या दिशेला १२० आणि येण्याच्या दिशेला ४० अशी रूप बदलते. त्या स्थितीत वाचण्याच्या वेगालाही ४० ची कमाल मर्यादा लागते, म्हणून तिथे मॉनिटर जोडून आणि काढून वाचण्याची चाचणीही तितक्याच काळजीने घ्यावी.