डीव्हीडी, ब्लू-रे आणि बॉक्स सेट जमवताय? या चुका टाळा

चार संग्राहक एकत्र जमले की वाद कव्हरवरूनच पेटतो. मूळ पोस्टर का घेतलं नाही, कलाकारांची मुंडकी हवेत तरंगती का ठेवली, दुसऱ्या भागाच्या स्पाइनवरचा (केसच्या अरुंद पाठीवरचा) लोगो पहिल्यापेक्षा खाली का छापला! हे वाद मला मनापासून आवडतात. कव्हर हा सिनेमाच्या इतिहासाचाच एक कागद आहे, त्यावर भांडायलाच हवं. पण खोक्याचं पहिलं काम डिस्क सांभाळण्याचं आहे, याचा या वादात विसर पडतो. ओरखडलेल्या डिस्क, फाटलेली स्लिपकव्हरं (केसवर चढवायची पुठ्ठ्याची आवरणं), गंजलेली स्टीलबुक्स (पत्र्याच्या केस) यांच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या विसरण्यातच सापडतं.

फक्त पुढचं चित्र पाहून बॉक्स सेट घेणं

साधी प्लॅस्टिकची केस कुणाला देखणी वाटत नाही, पण तिच्याइतकी डिस्क नीट धरणारी दुसरी वस्तू अजून निघालेली नाही. डिजिपॅक दिसायला सुंदर असतो. पुठ्ठ्याच्या घडीवर प्लॅस्टिकचे ट्रे चिकटवलेले असतात आणि नेमके तेच सुटतात. डिस्क धरणाऱ्या मधल्या कळीचा एक दात तुटला की तो ट्रे बदलताही येत नाही, कारण तो पुठ्ठ्याला कायमचा चिकटलेला असतो. ‘एलियन क्वाड्रिलॉजी’ हा २००३ चा नऊ डीव्हीडींचा सेट आठवा. एकापुढे एक उलगडत जाणारी ती घडी पूर्ण पसरायला अख्खं टेबल रिकामं करावं लागतं, आणि दर वेळी उलगडताना घडीची रेघ थोडी आणखी कमजोर होते.

पुठ्ठ्याच्या कप्प्यात सरकवलेली डिस्क ही त्याहून मोठी डोकेदुखी. आत-बाहेर करताना कागदाची भुकटी आणि पुठ्ठ्याची कड डिस्कवर घासते. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते, त्यामुळे माहितीचा थर पृष्ठभागापासून बराच आत असतो. ब्लू-रेत तो थर फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. म्हणून ब्लू-रेवर कडक लेप देतात आणि ती किरकोळ घासण्याला दाद देत नाही, पण खोल ओरखडा गेला तर वाचणं अवघड.

असा सेट घरात असेल तर डिस्क पॉलिप्रॉपिलिनच्या पातळ पाकिटात घालून मग कप्प्यात ठेवा. कप्पा फारच घट्ट असेल तर डिस्क वेगळ्या केसमध्ये काढा आणि मूळ खोका शेजारी जपून ठेवा. मऊ पीव्हीसीची पाकिटं मात्र टाळा, काही वर्षांत ती डिस्कला चिकटू लागतात. साध्या केसमधूनही डिस्क काढताना कड धरून ओढू नका. मधली कळ अंगठ्याने पूर्ण दाबा, डिस्क सुटल्याचं जाणवलं की मगच उचला. ओढाताणीत डिस्क वाकते आणि मधल्या भोकाभोवती बारीक तडे जातात. ते प्रकाशात तिरकी धरूनच दिसतात.

कपाट न मोजता भव्य सेट मागवणं

डीव्हीडीची केस साधारण १९० मिलिमीटर उंच, ब्लू-रेची १७२ च्या आसपास. या हिशेबाने केलेल्या कपाटात क्रायटेरियन या अमेरिकी प्रकाशकाचे अल्बमसारखे मोठे सेट मावत नाहीत. २०१८ मध्ये आलेल्या स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या सेटमध्ये ३९ चित्रपट, ३० डिस्क आणि २४८ पानांचं पुस्तक आहे. चित्रपटांची मांडणी एखाद्या महोत्सवासारखी, उद्घाटनापासून समारोपापर्यंत लावलेली आहे. माझ्या मते तो आकार त्याने कमावला आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या गॉडझिलाच्या सेटवर, म्हणजे १९५४ ते १९७५ च्या १५ चित्रपटांवर, मतं दुभंगली. त्याचा स्पाइन क्रमांक, म्हणजे क्रायटेरियनने पाठीवर छापलेला अनुक्रमांक, १००० आहे. क्रमाने मांडणी करणाऱ्यांना तो ९९९ च्या शेजारी उभा करता येत नाही, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते. पण आतली चित्रं एवढ्या मोठ्या पानावरच खुलतात, हेही तितकंच खरं. मागवण्याआधी उंची आणि खोली दोन्ही मोजा. मोठा सेट आडवा ठेवायचा झाला तर त्याच्यावर दुसरं काही रचू नका.

सीलबंद ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं, हा समज

या एका मुद्द्यावर मी कुणाचंही ऐकणार नाही: सेट आला की उघडा. श्रिंकरॅप, म्हणजे खोक्यावरचं पातळ प्लॅस्टिकचं वेष्टन, काळानुसार आवळत जातो आणि पुठ्ठ्याचे कोपरे आत दाबतो. शिवाय आत डिस्क सुटी होऊन घरंगळतेय का, एकच डिस्क दोनदा भरली आहे का, पुस्तिका आहे का, हे परत करण्याची मुदत असतानाच कळायला हवं. डिस्कचा दोषही रॅपर पाहून थांबत नाही. वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००८ दरम्यान बनलेल्या काही डीव्हीडी चालेनाशा झाल्या. कंपनीने ते २०२५ मध्ये जाहीरपणे मान्य करून बदलून देण्याची तयारी दाखवली. त्या काळातले सेट तुमच्याकडे असतील तर आजच एकेक डिस्क शेवटपर्यंत चालवून बघा. मेन्यू उघडला म्हणजे डिस्क चांगली, असं समजू नका. बिघाड बऱ्याचदा सिनेमाच्या उत्तरार्धात सापडतो.

रॅपरवर स्टिकर असेल तर तेवढा तुकडा कापून केसमध्ये ठेवा.

“हे कशाला हवंय” म्हणून कागद फेकून देणं

स्लिपकव्हर, स्टीलबुकच्या मागचा सुटा कागद, जपानी आवृत्त्यांच्या कव्हरवर गुंडाळलेली ओबी ही कागदी पट्टी यांतलं काहीही टाकू नका. आणि केसमधला कागद एकदा काढून उलटून बघा. जर्मनीत वयोगटाचा एफएसके शिक्का कव्हरच्या पुढच्या बाजूला खाली डावीकडे किमान १२०० चौरस मिलिमीटर आकाराचा छापावाच लागतो. चांगल्या चित्राची त्याने पार वाट लागते. म्हणून तिथले बरेच प्रकाशक त्याच कागदाच्या आतल्या बाजूला शिक्का नसलेलं कव्हर छापतात. हे ठाऊक नसलेले लोक नेटवरून चित्र उतरवून, घरी छापून लावतात आणि मूळ कागद टाकून देतात.

ब्रिटनच्या ॲरो व्हिडिओ या प्रकाशकाने उलटता येणारी कव्हरं आणखी लोकप्रिय केली: एका बाजूला नव्याने काढून घेतलेलं चित्र, दुसऱ्या बाजूला मूळ पोस्टर. कुठली बाजू बाहेर ठेवायची यावर संग्राहकांत कायमचे दोन तट आहेत. माझा कौल सहसा मूळ पोस्टरला, कारण तो सिनेमा त्या काळी लोकांसमोर कोणत्या रूपात आला ते त्यातून कळतं. पण ग्रॅहम हम्फ्रीजसारखा, ऐंशीच्या दशकापासून भयपटांची पोस्टरं हाताने रंगवत आलेला चित्रकार नवं कव्हर करतो, तेव्हा ते उजवं ठरू शकतं. त्याने सिनेमा नीट पाहिलाय हे चित्रात दिसतं. प्रसिद्धीच्या छायाचित्रांतले चेहरे कापून एकमेकांवर चढवलेल्या कव्हरांबद्दल हे म्हणता येत नाही.

स्टिकर आणि गोंद घाईने खरवडणं

प्लॅस्टिकच्या केसवरचा किमतीचा स्टिकर हेअर ड्रायरने कोमट करा आणि कोपऱ्यापासून सावकाश सोलत न्या. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब कापसावर घेऊन पुसा. हाच उपाय पुठ्ठ्यावर करू नका, शाई उतरते. मॅट स्टीलबुकवर तर कायमचा चकचकीत डाग पडतो. मागचा कागद चिकटवण्यासाठी लावलेले रबरासारखे गोंदाचे ठिपके बोटाने गोल गोल चोळले तर गुंडाळून निघतात. त्यासाठी नख लावायची गरज नाही.

घट्ट खोक्यातून सेट निघत नसेल तर वरून चिमटीत धरून ओढू नका. उघडी बाजू खाली करा, तळवा खाली धरा आणि त्याच्या वजनाने त्याला सरकू द्या.

पावसाळ्याला गृहीत धरणं

डिस्कसाठी अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेने ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. मुंबईत किंवा कोकणात जुलैमधली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा हे आकडे घरात पाळणं शक्य नाही. निदान पुठ्ठा तरी वाचवता येतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कारण ओल तिथूनच येते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की त्या बदला. स्टीलबुकचा गंज बिजागरीपाशी किंवा रंग खरवडलेल्या कडेला धरतो. वर पारदर्शक आवरण घालत असाल तर त्याचं तोंड उघडं राहू द्या, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या मात्र खोक्यात टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. महिन्यातून एकदा पुस्तिका काढून पानं चाळली तर कसर वेळीच दिसते.

उन्हाचा त्रास बारमाही. तांबडी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी-काळी मागे राहते. दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं राहिलेली कव्हरं निळसर दिसतात ती त्यामुळेच. खिडकीसमोरच्या कपाटाला पडदा लावा.

मागची बाजू न वाचणं

डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे तिचा विभाग (रीजन) ठरवतो. भारत डीव्हीडीसाठी विभाग ५ मध्ये आणि ब्लू-रेसाठी विभाग सी मध्ये येतो. अमेरिकी डीव्हीडी विभाग १ ची, ब्लू-रे ए ची. प्लेअर तो विभाग वाचत नसेल तर कितीही सुंदर सेट शोभेपुरताच उरेल. जुना सेट स्वस्तात मिळत असेल तर डिस्कची खालची बाजू पाहा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी चंदेरी असते, जांभळट छटा दिसली तर ती घरी बर्न केलेली, म्हणजे संगणकावर उतरवलेली प्रत आहे. आतल्या कड्यावर बारीक अक्षरांत आयएफपीआय या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सांकेतिक क्रमांक आहे का तेही बघा.

मराठी व्हीसीडींची कव्हरं रद्दीत घालणं

याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा घराघरांत सिनेमे आले. पण स्वस्त वस्तूचं वेष्टन कोण जपणार? डिस्क बिघडली की कव्हरही केराच्या टोपलीत. एवरेस्ट, फाउंटन यांच्यासारख्या प्रकाशकांच्या मराठी व्हीसीडींची कव्हरं छपाईत ओबडधोबड असतीलही, पण कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ए नुसार आपल्याकडच्या व्हिडिओ प्रतीवर आणि तिच्या वेष्टनावर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, प्रत काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्कमालकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. एखाद्या जुन्या मराठी चित्रपटाचे हक्क कुणाकडे गेले याचा माग लावायला हा कागद उपयोगी पडतो. तेव्हा डिस्क चालत नसली तरी कव्हर बाहेर काढा, ६०० डीपीआयवर दोन्ही बाजू स्कॅन करा आणि मूळ कागद आम्लमुक्त पाकिटात सपाट ठेवा. स्कॅनच्या फाइलला चित्रपटाबरोबर प्रकाशकाचंही नाव द्या.