दात दुखायची वाट बघताय? किडीबाबतच्या या चुका टाळा

"दुखत नाही ना, मग कशाला दाखवायचं?" दातांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या सगळ्यात बाहेरच्या कडक थरात, नस नसते, जिवंत पेशीही नसतात. वजनाने सुमारे 96 टक्के खनिजच. ते किडत असताना दात कुरकुरत नाही. दुखू लागतं तोवर कीड बहुतेकदा इनॅमलखालच्या मऊ थरात, म्हणजे डेंटिनमध्ये, शिरलेली असते.

'कीड' म्हटलं की अनेकांना अळी आठवते. तसलं काही नसतं. जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळू लागतं. लाळ अर्ध्या-एक तासात परिस्थिती सावरते, पण दर तासाला तोंडात काहीतरी गोड टाकलं तर तिला उसंतच मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं, हेही बघा.

पहिली खूण म्हणजे खडूसारखा पांढुरका डाग. तो टूथपिकने टोचून बघायचा मोह आवरा! वरचा पातळ थर अजून शाबूत असतो, खाली मात्र खनिज झिरपून गेलेलं असतं. थर फुटला की खड्डा पडतो. तो फुटला नसेल तर फ्लोराइडच्या पेस्टने डाग पुन्हा घट्ट होऊ शकतो. ब्रश केल्यावर फेस थुंका, पण भराभर चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नका.

"छिद्र तर टाचणीच्या टोकाएवढं आहे" ही त्यापुढची फसगत. डेंटिनमध्ये खनिज सुमारे 70 टक्केच, उरलेलं मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. ते इनॅमलपेक्षा सौम्य आम्लातही विरघळतं. त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर पोचलेली कीड आडवी पसरते. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं वरून सगळं ठीक, आतून भुगा. मग एके दिवशी साधा घास चावताना कडा तुटते आणि "अचानक दात तुटला" असं आपण सांगतो. दोन दातांमधली कीड तर आरशात दिसतही नाही. तिथे एक्स-रेच लागतो.

रंगावरूनही अंदाज चुकतो. काळा, कडक डाग कधीकधी थांबलेल्या किडीचा असतो. मऊ, पिवळसर भाग जास्त धोक्याचा.

डेंटिनमधल्या बारीक नळ्यांतला द्रव थंड किंवा गोड लागल्यावर हलतो, म्हणून सणक येते. नसेच्या बाजूने दात नवं डेंटिन रचून बचाव करू पाहतो, पण कीड वेगात असेल तर तो अपुरा पडतो.

सगळ्यात वाईट चूक शेवटची: आठवडाभर ठणकणारा दात आपोआप शांत झाला म्हणून ठरलेली अपॉइंटमेंट रद्द करणं. अशा वेळी नस मेलेली असू शकते, आणि संसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकत राहतो.