गहाण म्हणून दिली, खरेदी होऊन गेली: नव्या वकिलांसाठी

खान्देशात वकिली सुरू करणार असाल, तर कर्जात अडकलेला शेतकरी तुमच्याकडे येणारच. चोपडा-यावलकडून माझ्याकडे येणाऱ्यांचं गाऱ्हाणं बहुतेकदा एकच असतं: "साहेब, जमीन गहाण दिली होती, त्यानं खरेदीच करून घेतली."

अशा पक्षकाराला लगेच दिवाणी दाव्यात ओढू नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार अर्जाआधीच्या 15 वर्षांतला हवा. खरेदीखत म्हणजे सावकारी कर्जाचं तारणच होतं, असं चौकशीत ठरलं तर ते अवैध ठरवून जमिनीचा ताबा परत देण्याचा आदेश होतो.

खरी मेहनत पुराव्याची. एका खरेदीखतावरून कुणी सावकार ठरत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून समोरच्याच्या नावावरच्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) नकला काढा. आसपासच्या गावांतल्या अडलेल्या लोकांकडून घेतलेल्या जमिनी आणि त्यातल्या काही पुढे त्यांनाच परत लिहून दिलेल्या, असं दिसलं की तुमच्या अर्जात जीव येतो. मग सातबाऱ्यावरची पीकपाहणी बघा. खरेदीनंतरही केळी पक्षकारच लावतोय का? मोटारीचं वीजबिल कोण भरतं? खतातली किंमत रेडीरेकनरपेक्षा किती कमी? आणि घरच्या बाईला जरूर बोलवा. व्याज कधी, किती दिलं, हे नवऱ्यापेक्षा तिलाच पाठ असतं. अहिराणीत विचारलंत तर ती मोकळेपणानं सांगते.

नंदुरबार, शिरपूरकडे पक्षकार आदिवासी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ आधी तपासा. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला जमीन घेता येत नाही.

बँकेचं कर्ज हे वेगळं प्रकरण. सरफेसीची (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) नोटीस आली तरी शेतजमिनीला तो कायदा लागू नाही, कलम 31 बघा. तडजोड लोकअदालतीत करावी असं माझं मत; तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून रक्कम आणि हप्ते पक्षकाराला झेपतील एवढेच मान्य करा.

फीसाठी कुणाला परत पाठवू नका. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या पक्षकारांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. आदेश हातात पडल्यावरही तलाठ्याकडे फेरफार होईपर्यंत फाईल बंद करू नका. सातबाऱ्यावर नाव परत चढलं, की मगच.