आरोग्याच्या माहितीसाठी नवं टूल बनवायचंय? निधीचा प्रस्ताव असा बांधा

आरोग्याच्या नोंदी तपासणाऱ्या किंवा जोडणाऱ्या संगणकीय टूलसाठी निधी मागताना पहिली चूक शीर्षकातच होते. ‘नंदुरबार जिल्ह्यातील कुपोषणाचा कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे अभ्यास’ असं लिहिलं की परीक्षक तो अभ्यास म्हणूनच वाचतात आणि नमुना किती, निष्कर्ष काय, असं विचारत बसतात. तुम्हाला पैसे हवेत टूलसाठी. त्यामुळे माहिती तपासणाऱ्या प्रत्येकाला आडवा येणारा एकच बिघाड पकडा आणि टूल तो किती दूर करतं, हे आकड्यात कसं दाखवणार ते लिहा. प्रस्तावाचा जीव त्यातच असतो.

आपल्याकडे नंदुरबारात असे बिघाड पायलीला पन्नास मिळतील. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचंच घ्या. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. तपासणीच्या याद्या वाढल्या, पण एकाच मुलीची नोंद शाळेच्या यादीत, गरोदर मातांच्या रजिस्टरात आणि रुग्णालयाच्या एचपीएलसी (सिकलसेल पक्कं करणारी रक्तचाचणी) अहवालात वेगवेगळी असू शकते. एकीकडे रमिला वसावे, दुसरीकडे रमीला वसावा, लग्नानंतर रमिला पाडवी. वसावे, पाडवी, वळवी, पावरा, गावित ही आडनावं गावोगाव, त्यामुळे आडनावावर ओळख पटत नाही. त्यात दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीच्या सुमारास परततात. मधल्या काळातली नोंद तिकडेच राहते. या नोंदी जोडणारं टूल हा निधी मागण्याजोगा विषय आहे.

दुसरा बिघाड मुलांच्या उंचीचा. दोन वर्षांखालचं मूल निजवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. लहान मुलाला उभं मोजलं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांप्रमाणे मोजमापात ०.७ सेंटिमीटर मिळवावे लागतात. मूल कसं मोजलं हा रकानाच भरलेला नसला, तर खुजेपणाचं प्रमाण चुकतं. वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर (मूल मानकाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) उणे ६ च्या खाली किंवा अधिक ६ च्या वर गेला, तर ती नोंद अशक्य म्हणून बाजूला काढतात. पण उणे ५ वर अडकलेली चूक कोण धरणार? ती धरणारं टूल उपयोगाचं.

कॉल (निधीसाठी अर्ज मागवणारी जाहिरात) निघण्याआधी टूलचा छोटा नमुना तयार ठेवा. पाचशे काल्पनिक नोंदी, चालणारा कोड आणि चुकांची एक पानभर यादी एवढं पुरतं. नावांचं काम असेल तर लिपीपासून सुरुवात करा. शिरपूर तालुक्यातल्या ‘तऱ्हाडी’मधला ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना दोन गावं समजतो. जोडणीआधी सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या रूपात आणला की हे गाव एक होतं. जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडपूर्व फॉन्टांमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलाव्या लागतात. हे काम वेळापत्रकात वेगळं दाखवा, त्यात सहज महिना जातो.

आता सिद्धतेचा भाग. इथे घाई करू नका.

‘आमचं टूल ९९ टक्के अचूक’ हे वाक्य जोडणीच्या कामात पोकळ ठरतं. दोन हजार नावांच्या दोन याद्या घेतल्या तर शक्य जोड्या होतात ४० लाख. खऱ्या जोड्या फार तर दोन हजार. प्रत्येक जोडीला ‘नाही’ म्हणणारं टूलसुद्धा ९९.९५ टक्के बरोबर ठरेल! म्हणून दोनच गोष्टींचं वचन द्या: खऱ्या जोड्यांपैकी किती सापडल्या आणि सापडलेल्यांपैकी किती खऱ्या निघाल्या. पहिलं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास अपेक्षित असेल आणि ते ९५ टक्के विश्वासाने ३ टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे मोजायचं असेल, तर हाताने पडताळलेल्या ३८५ खऱ्या जोड्या लागतात. हे गणित प्रस्तावात मांडा.

त्या जोड्या टूलने सुचवलेल्यांतून उचलू नका. टूलला जे सापडलंच नाही ते मग कधीच दिसणार नाही. एक-दोन प्राथमिक आरोग्य केंद्रं निवडा आणि आशाताई व एएनएम (आरोग्यसेविका) यांच्यासोबत रजिस्टरवरून माणसं शोधा. प्रत्येक जोडी दोघांनी स्वतंत्रपणे तपासावी, वाद असेल तिथे तिसऱ्याने निकाल द्यावा. वेळ लागणारं हे काम बजेटमध्ये मुळीच धरलेलं नसतं, आणि प्रकल्प नेमका इथेच अडतो.

म्हणून बजेट माणसांभोवती बांधा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) दरात प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३ या तांत्रिक मदतनिसाच्या पदाला महिना २८,००० रुपये, म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार. प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट-१ (बिगर-वैद्यकीय) ला महिना ५६,०००, वर्षाला ६ लाख ७२ हजार. घरभाडे भत्ता वेगळा, तो आपल्या गावाच्या वर्गाप्रमाणे. मुंबईच्या दराने लावू नका. आशाताईंचा मोबदला, धडगाव-अक्कलकुव्याचा प्रवास आणि रजिस्टर स्कॅन करण्याचा खर्च स्वतंत्र ओळीत दाखवा. महागडा सर्व्हर मागायचा मोह टाळा. काही हजार नावं जोडायला चांगला डेस्कटॉप पुरतो, आणि परीक्षकांना ते ठाऊक असतं.

अर्ज कुठे करायचा ते तुम्ही कोण आहात त्यावर ठरतं. वैद्यकीय महाविद्यालयाला आयसीएमआरचा एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संस्थांना दिला जाणारा) निधी जवळचा. विद्यापीठातल्या संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्राच्या नव्या प्राध्यापकाने २०२३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या एएनआरएफची (अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान) पंतप्रधान अर्ली करिअर योजना पाहावी. अनुसूचित जाती-जमातीच्या संशोधकांसाठी तिथेच वेगळं अनुदान आहे. स्टार्टअप असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची बिग योजना: ५० लाखांपर्यंत, १८ महिने. परदेशी पैसा घ्यायचा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आणि एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) हे दोन्ही रस्ते लांबचे आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला बहुतेक ठिकाणी मुख्य संशोधक होता येत नाही, त्यामुळे कायम पदावरचा सहकारी आधीच सोबत घ्या.

माहिती मिळण्याची पत्रं अर्जाआधी हातात हवीत. आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्य चिकित्सक, अंगणवाडीसाठी जिल्हा परिषदेचा बालकल्याण विभाग. आश्रमशाळा घेत असाल तर नंदुरबार किंवा तळोद्याचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. पत्रात ‘सहकार्य करू’ एवढंच असेल तर त्याचा उपयोग नाही. कोणती रजिस्टरं, कोणत्या वर्षांची, कोण पाहणार, कुठल्या संगणकावर राहणार, एवढं त्यात लिहून घ्या.

गोपनीयतेचा परिच्छेद छापील मजकुराने भरू नका. सातपुड्यातल्या चाळीस घरांच्या पाड्यात सिकलसेलचं एकच मूल असेल, तर नाव काढलं तरी पाडा, वय आणि आजार मिळून ते मूल सगळ्यांना कळतं. आणि त्या घरातल्या मुलीचं लग्न ठरताना ती गोष्ट आडवी येते. म्हणून बाहेर जाणाऱ्या तक्त्यात पाड्याऐवजी तालुका ठेवा, पाचपेक्षा कमी संख्या असलेले रकाने झाका आणि नावांची यादी इंटरनेट नसलेल्या संगणकावर ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेणार नसाल तरच, आणि ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे काम केलं तरच. तुमचं टूल उद्या ‘या मुलीला तपासणीला बोलवा’ असं सांगणार असेल तर सवलतीवर विसंबू नका. संमती आणि एथिक्स समितीची मंजुरी तशीच मागा.

वेळापत्रकात पडताळणीचं काम होळीनंतर आणि पावसाळ्याआधी ठेवा, माणसं तेव्हाच घरी सापडतात. टूल नेटशिवाय चाललं पाहिजे, पडद्यावर मराठी हवी, आणि शंकास्पद जोडी आपोआप न जोडता एएनएमसमोर ‘हीच का?’ म्हणून यावी. मार्चअखेरीस युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी कसा खर्च झाला याचा दाखला) सरकारी वित्त नियमांच्या जीएफआर १२-ए नमुन्यात द्यावं लागतं, तेव्हा आशाताईंच्या मोबदल्याच्या सह्या त्या-त्या महिन्यातच घेऊन ठेवा. वर्षाच्या शेवटी एका दिवसात घेतलेल्या सह्या ऑडिटला लगेच ओळखू येतात.