घरी रक्तदाब मोजताना हात कुठे ठेवायचा?

मशीन चांगलं असूनही आकडा चुकतो, कारण हाताची जागा चुकते. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १३३ प्रौढांचा रक्तदाब तीन प्रकारे मोजला. टेबलावर टेकवलेल्या हातापेक्षा मांडीवरच्या हातात वरचा आकडा सरासरी ३.९ने, लोंबत्या हातात ६.५ने जास्त आला. दंड हृदयाच्या खाली गेला की रक्ताच्या वजनाचा दाब त्यात मिळतो. एवढ्या फरकाने गोळी उगाच सुरू होऊ शकते.

म्हणून जेवणाच्या टेबलाशी, खुर्चीला पाठ टेकून बसा. टीपॉय बुटका पडतो. तोच वापरायचा तर हाताखाली उशी घ्या. मशीनच्या, दंडावर बांधायच्या पट्ट्याचा मध्य हृदयाच्या उंचीवर यायला हवा. तळवे जमिनीवर, पायावर पाय नको. अर्धा तास आधी चहा-तंबाखू बंद, लघवीला जाऊन या, मग ५ मिनिटं शांत बसा. मोजतानाही बोलू नका.

पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाही गुंडाळून नव्हे. घेर टेपने मोजून पट्ट्यावरच्या मापाशी ताडून पाहा. हे टाळू नकाच: २०२३च्या चाचणीत सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीच्या मापाचा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी १९.५ने फुगला!

सकाळी औषधापूर्वी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं ७ दिवस लिहून ठेवा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही डॉक्टरांना दाखवा. गोळी स्वतःहून बदलू नका.