हातात काम असतानाच पुढच्या कामाची तयारी: नागपूरच्या फ्रीलान्सरांसाठी

ही यादी हातात काम असलेल्यांसाठी आहे. काम संपल्यावर ती वाचायला घेतली तर उशीर झालेला असतो, कारण पहिल्या भेटीपासून ॲडव्हान्स खात्यात पडेपर्यंत आपल्याकडे सहज सहा-आठ आठवडे जातात. दुकानात बसणारा मुलगा "छान आहे" म्हणतो, मग ते मोठ्या शेठना दाखवायचं असतं, मग घरात कुणाचं लग्न निघतं. छोट्या धंद्यात निर्णय असेच होतात, त्यात कुणाचा दोष नाही. म्हणून या महिन्याचं काम करत असतानाच दोन महिन्यांनंतरच्या कामाची बोलणी सुरू असायला हवीत. डिझाइन, वेबसाइट, लिखाण, व्हिडिओ एडिटिंग, फोटोग्राफी, यांपैकी काहीही करत असाल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

सुरुवात एका वाक्यापासून करा. आपण कुणासाठी कोणतं काम करतो, ते कागदावर लिहा. "लोगो, वेबसाइट, सोशल मीडिया, ब्रोशर, सगळं करून मिळेल" हे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे तो ते पुढे कुणाला सांगतही नाही. "बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांसाठी प्रॉडक्ट कॅटलॉग करते" हे मात्र तो चहाच्या टपरीवरही सांगू शकतो. असं एकच काम धरलं की बाकीची हातून जातील, अशी भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. चालून आलेलं दुसरं काम जरूर घ्या, पण स्वतः बाहेर पडून मागायचं काम एकच ठेवा. ते ठरवताना मिहानमधल्या मोठ्या आयटी कंपन्यांकडे पाहू नका. त्यांची कामं ठरलेल्या व्हेंडरांकडे जातात आणि एकट्या माणसाला तिथे शिरायला फार वेळ लागतो. आपलं गिऱ्हाईक म्हणजे रामदासपेठेतला डॉक्टर, इतवारीचा सराफ, हिंगणा एमआयडीसीतला वीस-पंचवीस कामगारांचा कारखाना. तिथे मालक स्वतः भेटतो आणि चेकवर सहीही तोच करतो.

यानंतरची तयारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक जण करत नाहीत. गिऱ्हाइकाच्या धंद्याचा हंगाम आपल्या कॅलेंडरवर मांडायचा. नागपुरातल्या जवळजवळ प्रत्येक धंद्याचा स्वतःचा महिना असतो. हंगाम सुरू झाला की मालक भेटत नाही, आणि संपला की त्याला गरज उरत नाही. आपण दोन-तीन महिने आधी त्याच्या दारात असायला हवं. कूलरचंच पाहा. आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि इथे कूलर बनवणारे ढिगाने आहेत. होळीच्या सुमारास विक्री जोर धरते, तेव्हा मालक पत्रा, पंप आणि वुडवूलच्या मागे धावत असतो. त्याच्याशी कॅटलॉगचं किंवा ऑनलाइन जाहिरातीचं बोलायचं ते डिसेंबरात. कोचिंग क्लासचं गणित दहावी-बारावीच्या परीक्षांवर चालतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, त्यानंतर प्रवेशाची झुंबड. म्हणून तिथली बोलणी दिवाळीनंतर लगेच व्हायला हवीत.

ताडोबा आणि पेंचचे कोअर झोन १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात आणि १ ऑक्टोबरला उघडतात. मोहर्लीच्या किंवा सिल्लारीच्या बाजूला रिसॉर्ट असलेल्या माणसाला नवे फोटो, वेबसाइट, रील्स हवे असतील तर तो जूनमध्ये विचार करतो आणि पावसाळ्यात पैसे खर्च करतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याला फोन केलात तर तो बुकिंगमध्ये बुडालेला असेल. (प्राण्यांचे फोटो मात्र उन्हाळ्यातच काढून ठेवायला हवेत, तेव्हा पाणवठ्यांवर ते दिसतात. हे मालकाला मार्चमध्येच सुचवलंत तर तो तुम्हाला जाणकार समजेल.) मंगल कार्यालयं आणि लॉनवाले चातुर्मासात मोकळे असतात. तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा फोन उचलला जाणार नाही. बियाणं आणि खतांच्या कंपन्यांची खरिपाची तयारी जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, आणि ॲग्रोव्हिजनसारख्या हिवाळी प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांना बॅनर, पत्रकं, व्हिडिओ आधी महिनाभर हवे असतात. कारखान्यांकडे मार्चअखेर थोडा खर्च करून टाकण्याची घाई असते, त्यामुळे जानेवारीत दिलेलं कोटेशन तिथे उपयोगी पडतं. पितृपक्षाचंही भान ठेवा. त्या पंधरवड्यात अनेक व्यापारी नव्या कामाचे पैसे देत नाहीत, पण बोलायला निवांत असतात. तेव्हा बोलून ठेवलं की घटस्थापनेनंतर होकार येण्याची शक्यता चांगली असते. हे सगळे महिने एका पानावर मांडा आणि त्यातून दोन किंवा तीन धंदे असे निवडा की एकाचा हंगाम उतरताना दुसऱ्याचा चढत असेल. कूलर, रिसॉर्ट आणि लॉन मिळून वर्षाचा बराच भाग भरतो. दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब यांना हंगाम नसतो, म्हणून त्यातला एखादा बारमाही ग्राहक जोडीला असलेला बरा.

मग नावं. एका शीटमध्ये पन्नास-साठ नावं पुरतात, त्याहून मोठी यादी सांभाळली जात नाही. विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन, नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या उद्योजकांच्या संघटना यांचे कार्यक्रम होत असतात. तिथे जा, पण कार्ड वाटण्यासाठी नाही, कोण काय बनवतं ते ऐकण्यासाठी जा. बाकीची नावं रस्त्यावर मिळतात. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोने जाऊन हिंगणा एमआयडीसीत एक सकाळ पाट्या वाचत फिरलात तरी गुगल मॅपवर नसलेले कारखाने दिसतील, आणि ज्यांची ऑनलाइन नोंदच नाही त्यांनाच तुमची जास्त गरज आहे. प्रत्येक नावापुढे निर्णय कोण घेतं, हंगाम कोणता, शेवटचं बोलणं कधी झालं, पुढचं कधी करायचं आणि हे नाव आपल्याला कुणाकडून मिळालं, एवढं लिहा. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका, त्याचं काम पुढे आहे.

दाखवायला तीन नमुने पुरतात, पण ते त्याच धंद्यातले हवेत. रिसॉर्टवाल्याला तुम्ही केलेला बँकेचा वार्षिक अहवाल दाखवून काही साधत नाही. त्या धंद्यातलं काम अजून केलंच नसेल तर स्वतःहून एक नमुना करा आणि तो नमुना आहे, कुणी दिलेलं काम नाही, हे त्यावर स्पष्ट लिहा. नमुन्याखाली चार ओळी हव्यात: अडचण काय होती, तुम्ही काय केलं, किती दिवस लागले, त्यानंतर काय बदललं. गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट असतं आणि घरून काम करणाऱ्याला पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. ते एका दुपारी करून टाका आणि काम संपल्यावर दरवेळी रिव्ह्यू मागा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कॅटलॉग आणि लेबलं लावा. ब्रॉडकास्ट मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या भेटीतच नंबर सेव्ह करून घ्या.

पहिला मेसेज आधीच लिहून ठेवा, मराठीत आणि हिंदीतही. इतवारी, गांधीबाग, जरीपटक्याच्या बाजारात बराच व्यवहार हिंदीत चालतो, आणि शेठ ज्या भाषेत हिशोब करतो त्या भाषेत त्याच्याशी बोलणं हा साधा आदर आहे. मेसेज असा असू शकतो: "नमस्कार साहेब. मी नागपुरात रिसॉर्टसाठी फोटो आणि वेबसाइटचं काम करतो. तुमच्या वेबसाइटवर मोबाइलवरून पाहिलं तर खोल्यांचे दर दिसत नाहीत, त्यामुळे चौकशी करणारा परत जात असेल. ते कसं नीट करता येईल याचा एक नमुना केला आहे. या आठवड्यात दहा मिनिटं मिळाली तर येऊन दाखवतो." यात स्वतःची स्तुती नाही, दर नाही, पीडीएफ नाही. त्याच्या धंद्यातली एक खरी अडचण आहे, जी तुम्ही वेळ देऊन शोधली आहे. दिवसाला असे दोनच मेसेज जातील, आणि तेवढे पुरेत. उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी एक फोन, मग तीन आठवड्यांनी एखादी उपयोगी गोष्ट पाठवा, मग थेट पुढच्या हंगामाआधी. "पाहून सांगतो" याचा अर्थ नकार असा लावू नका. बऱ्याचदा त्याला खरंच पाहायचं असतं आणि राहून जातं.

या सगळ्यापेक्षा भरवशाची वाट ओळखीची आहे, आणि तिचीही तयारी करता येते. तुमच्या गिऱ्हाइकाला तुमच्या आधी कोण भेटतं, याचा विचार करा. नवा धंदा सुरू करणारा माणूस आधी सीएकडे जातो, मग पाटी रंगवणाऱ्याकडे, मग प्रिंटिंग प्रेसमध्ये. दवाखाना उघडणारा डॉक्टर इंटिरिअरवाल्याकडे जातो. लग्नाचा लॉन घेणारा फोटोग्राफर आणि केटरर शोधतो. अशा सात-आठ माणसांची वेगळी यादी करा. मार्चअखेर, जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सीएच्या ऑफिसात जाऊ नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो. इतर वेळी जा आणि सुरुवातीला काही मागू नका. त्यांचं एखादं पत्रक नीट करून द्या, त्यांच्याकडे एखादं गिऱ्हाईक पाठवा. "मला फक्त असं असं काम हवं" हे सुरुवातीला कागदावर लिहिलेलं वाक्य त्यांना पाठ होईपर्यंत सांगा. कमिशनचा विषय निघाला तर तिथेच बोलून मोकळे व्हा: द्यायचं की नाही, किती, आणि गिऱ्हाइकाला ते माहीत असेल का. माझं मत विचाराल तर कमिशनपेक्षा कामाची देवाणघेवाण बरी, तिच्यात संबंध टिकतात. जुन्या गिऱ्हाइकाकडून नाव मागायची वेळही ठरलेली असते. काम हातात देताना त्याचा चेहरा खुलतो, तेव्हाच विचारा, आणि नेमकं विचारा. "कुणी असेल तर सांगा" याला उत्तर मिळत नाही. "तुमच्या असोसिएशनमध्ये अजून कुणाचा कॅटलॉग जुना झालाय?" याला नाव मिळतं. आपल्याच कामातल्या दुसऱ्या फ्रीलान्सरांशी स्पर्धक म्हणून वागू नका. ज्याच्याकडे काम जास्त झालंय, तो ते ओळखीच्या आणि वेळेवर देणाऱ्या माणसाकडेच पाठवतो.

अपवर्कसारख्या साइटवर प्रोफाइल असू द्या, परदेशातलं काम तिथून येतं. तिथे प्रस्ताव पाठवायला कनेक्ट्स, म्हणजे त्या साइटचे टोकन, विकत घ्यावे लागतात, म्हणून महिन्याची रक्कम ठरवा आणि ती संपली की थांबा. लिंक्डइनवर आठवड्यातून एकदा स्वतःच्या कामाबद्दल लिहिलंत तरी चालेल. नागपुरातला कारखानदार तिथे क्वचित लिहितो, पण तुमचं नाव कळलं की तिथे शोधून पाहतो.

पैशांची कागदपत्रं चौकशी येण्याआधी तयार हवीत, कारण कोटेशन द्यायला चार दिवस लागले की विषय थंड होतो. एका पानाचं कोटेशन करून ठेवा: काय मिळेल, काय मिळणार नाही, किती वेळा बदल करून मिळतील, ॲडव्हान्स निम्मा, दर किती दिवस लागू. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीवर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण काही कारखाने जीएसटी नंबर मागतात, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते आधीच सीएला विचारून ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, मात्र नक्की करा. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मोठ्या कंपनीचं अकाउंट्स खातं त्याची दखल घेतं. पैसे अडवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे फिरण्यात जो वेळ जातो, तो नव्या कामाच्या शोधातूनच कापला जातो.

प्रत्येक सुट्या कामाबरोबर महिन्याचं एक छोटं काम देऊ करा, आणि ते पहिल्याच कोटेशनच्या तळाशी लिहा. वेबसाइटबरोबर महिन्याला दर आणि फोटो बदलून देणं, कॅटलॉगबरोबर नव्या मालाची पानं जोडणं, डॉक्टरांसाठी महिन्याला चार पोस्ट आणि रिव्ह्यूंना उत्तरं. रक्कम लहान ठेवली तरी चालेल. घरभाडं आणि इंटरनेट एवढं जरी अशा तीन-चार गिऱ्हाइकांकडून निघालं, तरी उरलेलं काम शोधताना आवाजात घाई येत नाही आणि पडेल दरात हो म्हणावं लागत नाही.

आठवड्यात दोन सकाळी फक्त या शोधासाठी राखून ठेवा, डेडलाइन कितीही जवळ आली तरी. एक सकाळ मेसेज आणि फोनची, दुसरी प्रत्यक्ष भेटींची. उन्हाळ्यात बाजारातल्या भेटी अकरा-बाराच्या आत उरका. डॉक्टरांना ओपीडीच्या मधल्या वेळेत गाठा, आणि आधी रिसेप्शनिस्टताईंना विचारून घ्या, कोणत्या दिवशी गर्दी कमी असते ते त्यांना नीट माहीत असतं. काम खूप झालं म्हणून आलेल्या चौकशीला नाही म्हणू नका. "पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपासून घेऊ शकतो, थोडा ॲडव्हान्स देऊन तारीख पक्की करा" असं सांगा. ज्यांना तेवढं थांबता येत नाही त्यांना दुसऱ्या चांगल्या माणसाचं नाव द्या.

दर तीन महिन्यांनी शीटचा तो शेवटचा रकाना उघडा आणि प्रत्यक्ष मिळालेले पैसे प्रत्येक नावापुढे लिहा. प्रिंटिंग प्रेसवाल्या काकांकडून तीन कामं आली आणि लिंक्डइनवरून एकही नाही, असं दिसलं तर पुढच्या तिमाहीत लिंक्डइनचा तास काकांच्या प्रेसवर घालवा आणि तसेच आणखी दोन प्रेसवाले शोधा.