बेळगाव भागात घर बांधताय? खिडक्या कुठं आणि किती उंच ठेवायच्या

घर बांधायला काढलं की सगळी चर्चा टाईल्स, मॉड्युलर किचन आणि पुढच्या एलिव्हेशनवर होते, आणि खिडक्या मात्र गवंडी विचारेल तेव्हा उभ्या उभ्या ठरतात, "साहेब इथं चार बाय चार सोडू काय?" आणि आपण म्हणतो सोड की. मग भर दुपारी हॉलमध्ये ट्यूब लावून बसायचं. म्हणून प्लॅन हातात आला की पहिलं काम म्हणजे त्यावर उत्तर दिशा पेनानं ठळक मारायची, आणि ती साईटवर जाऊन मोबाईलच्या कंपासवर बघून मारायची (सळ्यांच्या ढिगाजवळ उभं राहू नका, कंपास भलतंच दाखवतंय). रस्ता पूर्वेला म्हणून आपण साईट पूर्वेची म्हणतो पण लेआउट तिरका असला तर तीच साईट निम्मी आग्नेयेला वळलेली असते, आणि पुढचा सगळा हिशोब दिशेवरच आहे.

आता सूर्याचं बघा. बेळगावचा अक्षांश साधारण १५.८५ आहे, त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरनं जरासा उत्तरेला सरकलेला असतोय आणि बाकी वर्षभर दक्षिणेला. डिसेंबरात तर बरोबर माध्यान्हीला सुद्धा तो ५१ अंशांपर्यंतच चढतो. याचा फायदा दक्षिणेच्या खिडकीला होतो. वर दोन फुटांचा छज्जा काढला तर मार्च-एप्रिलमध्ये दुपारचं ऊन आत येतच नाही, आणि डिसेंबरात खिडकीचा वरचा अडीच फूट भाग सावलीत राहून खालून कोवळं ऊन आत येतंय, म्हणजे थंडीत पाहिजे तेव्हा ऊन आणि उन्हाळ्यात नको तेव्हा सावली. लोक दक्षिणेला उगाच घाबरतात.

घाबरायचं ते पश्चिमेला. दुपारी तीननंतरचं ऊन तिरकं येतंय, त्याला छज्जा काही करू शकत नाही, भिंत तापते ती रात्री दहापर्यंत तापलेलीच. वर जून ते सप्टेंबर पावसाचा मारा पण त्याच बाजूनं. बेळगाव शहरात एकवेळ चालून जाईल, पण जास्त पावसाच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पश्चिमेची मोठी स्लायडिंग खिडकी म्हणजे ट्रॅकमध्ये पाणी आणि सोफा ओला. आणि इथंच वास्तूचा घोळ होतो बघा. मास्टर बेडरूम नैऋत्येला पाहिजे म्हणतात, ठीक आहे, द्या की, पण त्या खोलीची मोठी खिडकी दक्षिणेच्या भिंतीत घ्या आणि पश्चिमेला फक्त वर एक अरुंद व्हेंटिलेटर ठेवा. जिना, टॉयलेट, स्टोअर, भांडी घासायची जागा हे सगळं पश्चिमेला ढकललं तर ते ऊन-पाऊस झेलतात आणि राहत्या खोल्या वाचतात. आग्नेयेच्या स्वयंपाकघराबद्दल मात्र भांडण नाही, कट्ट्यावर पूर्वेची खिडकी असली की सकाळच्या चहा-डब्याच्या वेळी लाईट लावायची गरज पडत नाही. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा आणि डोळ्यावर न येणारा, तो हॉलला किंवा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाला द्या.

साईझ किती? नॅशनल बिल्डिंग कोडात खोलीच्या क्षेत्रफळाच्या मानानं उघडी जागा सांगितलीय, दारं सोडून, दमट-उष्ण हवेला सहावा भाग आणि कोरड्या-उष्ण हवेला दहावा. दहा बाय बाराची खोली १२० चौरस फूट, म्हणजे खानापूर बाजूला २० चौरस फूट (चार बाय पाचची एक खिडकी) आणि अथणीकडं १२ चौरस फुटांवर सुद्धा भागतंय. आकाश महिना महिना भरलेलं असतं तिथं जास्त पाहिजे, साधी गोष्ट आहे.

पण माझ्या मते रुंदीपेक्षा उंचीकडं लक्ष द्या. उजेड खोलीत किती आत जातो हे खिडकीच्या वरच्या कडेवर ठरतं, जमिनीपासून ती जितकी उंच त्याच्या साधारण दोन ते अडीच पट आतपर्यंत कामाचा उजेड पोचतो. आपल्याकडं लिंटेल (खिडकी-दाराच्या वरची काँक्रीटची आडवी पट्टी) सात फुटाला ठरलेलं, म्हणजे चौदा-सतरा फूट, त्यापुढं अंधुक. स्लॅब दहा फुटाला असेल तर लिंटेलच्या वर दीड फुटाची फिक्स काच घ्या, तेवढ्यानं खोलीची मागची भिंत उजळते. आणि खिडकीच्याच भिंतीवर लॉफ्ट टाकू नका, ही आपल्याकडची फार आवडती सवय आहे, पितळी भांडी ठेवायला लॉफ्ट पाहिजेच असेल तर समोरच्या भिंतीवर घ्या.

शेजारची साईट आज मोकळी आहे म्हणून त्या बाजूला सगळ्या खिडक्या घेऊ नका. उद्या तिथं तीन मजली उभं राहणारच आहे. १८८२ च्या इझमेंट कायद्यात सलग २० वर्षं बिनतक्रार मिळालेल्या उजेडाचा हक्क आहे खरा, पण नवीन घराला त्याचा काय उपयोग. रस्ता, आपलं परडं आणि वरचं आकाश, हे तीनच खात्रीचे. तीस बाय चाळीस फुटांच्या साईटवर दोन्ही बाजूला घरं असतील, किंवा शहापूर-वडगावसारखी लांबट जुनी जागा पाडून बांधत असाल, तर मधली खोली अंधारीच होणार, पूर्वी माजघराला कौलात एक काचेचं कौल बसवायचे ते यासाठीच. आता स्लॅबमध्ये तेच काम जिन्याकडनं करून घ्या. जिना घराच्या मध्ये आणा, वरच्या हेडरूमला (जिना गच्चीवर निघतो तिथली खोली) उत्तरेकडून आणि पूर्वेकडून काच लावा, उजेड खालपर्यंत उतरतो आणि वेगळा खर्च जवळजवळ नाही. डक्ट (उजेड-हवेसाठी वरपर्यंत मोकळी सोडलेली उभी जागा) काढत असाल तर आतून पांढरा रंग, आणि वरचं पॉलिकार्बोनेट शीट कडेनं फूटभर उचलून बसवा म्हणजे गरम हवा निघून जाते.

काळी काच घेऊ नका, प्रायव्हसीला पडदा आहे. डासांची जाळी आणि जाड ग्रील दोन्ही मिळून बराच उजेड खातात, म्हणून ग्रीलचं डिझाईन साधं ठेवा आणि हिशोबापेक्षा खिडकी थोडी मोठीच धरा.

शेवटची संधी भिंत अडीच-तीन फुटावर आली की असते. त्या दिवशी सकाळी एकदा आणि चार वाजता एकदा आत जाऊन उभं राहा, पलंग कुठं, टेबल कुठं, ऊन कुठनं येतंय बघा, आणि बदल असेल तर तिथल्या तिथं विटेवर खडूनं मारून गवंड्याला दाखवा. लिंटेलचं काँक्रीट पडल्यावर खिडकी हलवायची म्हणजे तोडफोड आणि डबल मजुरी.